शिडीवरून पडणारी काकू

शिवम्मा सकाळपासून खुर्चीत बसत होती आणि उठत होती. उठली की कशाला उठले ते आठवायचं नाही, मग स्वतःवरच चिडून पुन्हा बसायची. वय सत्त्याऐंशी, गुडघ्यांत काही राम उरलेला नाही, पण आज अंगात वारं शिरलं होतं. देवाजवळची निरांजनं दोनदा घासून झाली. सुनेनं निवडून ठेवलेली मेथी हिनं पुन्हा निवडली. शेवटी नात शिवांजली म्हणाली, "अज्जी, जरा गप बस की. तुझ्याकडं बघूनच मला दम लागायला." तेव्हा ती बाल्कनीत गेली, आणि खाली राजारामपुरीत क्लासला आलेल्या पोरांनी गाड्या कशा वेड्यावाकड्या लावल्यात यावरून त्यांनाच झापू लागली. तिसऱ्या मजल्यावरून. पोरं वर बघून हसली, म्हणून आणखी चिडली.

कारण साधं होतं. संध्याकाळी तिचा पिक्चर लागणार होता.

गावातल्या चित्रपट मंडळाला कुठल्याशा गोदामात एका जुन्या विनोदी चित्रपटाची प्रिंट सापडली होती. ती साफसूफ करून आज हॉलमध्ये दाखवायची, आणि त्यात काम केलेल्यांपैकी जो कोणी जिवंत असेल त्याचा सत्कार करायचा, असं ठरलं. नायक गेला होता, नायिका गेली होती, दिग्दर्शकाच्या तर नातवाचेही केस पिकले होते. काळानं एकेकाला उचललं आणि मागं उरली कोण, तर शिडीवरून पडणारी काकू.

शिवम्माच्या मुलाला, संगमेशला, हे कळल्यापासून त्याचे पाय जमिनीवर नव्हते. त्याचं चष्म्यांचं दुकान. येईल त्या गिऱ्हाइकाला नंबर तपासता तपासता तो आईच्या सत्काराचं निमंत्रण देत होता. लिंगायत समाजातली निम्मी माणसं त्यानं बोलावली होती. अध्यक्ष येणार होते, मठातले दोन वडीलधारे येणार होते. कपाळाला विभूती लावून, इष्टलिंगाची पूजा केल्याशिवाय चहाला न शिवणारा हा माणूस आईच्या सिनेमासाठी असा नाचेल असं कुणाला वाटलं नसतं.

आणि तिथंच शिवम्माचं घोडं अडलं होतं. त्या पिक्चरमध्ये तिनं गळ्यातल्या इष्टलिंगाचं हसं केलं होतं. म्हणजे केलं होतं असं तिला सांगण्यात आलं होतं. पिक्चर तिनं स्वतः कधी बघितलाच नव्हता. आज तो सगळ्या समाजासमोर, पोटच्या पोराला शेजारी बसवून, बघायचा होता. संगमेशला यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

शिवम्माच्या वडिलांचं, गुरुसिद्धाप्पांचं, लुगड्यांचं दुकान होतं. स्टुडिओला लागणारी लुगडी तिथून भाड्यानं जायची. एकदा गडी आला नाही म्हणून गठ्ठा घेऊन शिवम्मा गेली. तिथं विनोदी पिक्चरचं शूटिंग चाललेलं. नायक असले काही चाळे करत होता की लाइटवाल्यांपासून चहावाल्यापर्यंत सगळे तोंडात रुमाल कोंबून उभे. ही पोरगी मात्र गठ्ठा काखोटीला मारून त्याच्याकडे अशी बघत होती, की हा मेला लुगड्यांचं भाडं तरी देईल का. दिग्दर्शकाचं लक्ष नायकावरून उडालं आणि हिच्यावर बसलं. हसवणारे त्याच्याकडे पुष्कळ होते. न हसणारी बाई त्याला हवी होती.

पंधरा वर्षांची होती ती तेव्हा. पण हाडापेरानं दांडगी, उंच, आवाज घोगरा. त्यामुळे पहिल्या दिवसापासून ती काकूच झाली. तिच्याहून चांगल्या मोठ्या असलेल्या नायिका तिला वाकून नमस्कार करायच्या आणि ही "अखंड सौभाग्यवती भव" म्हणायची. मोलकरीण झाली, भांडखोर शेजारीण झाली, रुसलेली वरमाय झाली, देवळाबाहेर छत्री उगारणारी बाई झाली. नायकानं विनोद करायचा आणि हिनं त्याच्याकडे नुसतं बघायचं. लोकांना हसू यायचं ते त्या बघण्याचं, टाळ्या जायच्या नायकाला. पिक्चरच्या सुरुवातीला नावांच्या पाट्या येतात, त्यांत तिचं नाव कधी एकटं आलं नाही. घोळक्यात यायचं, तेही एकदा चुकीचं छापलेलं. तिला त्याचं काही वाटत नसे. कॅमेरा फिरायला लागला की अंगातून जे सरसरत जायचं, ते तिला ना दुकानात मिळालं होतं ना घरात. जेवणाची सुट्टी झाली तरी ती सेटवरून हलत नसे.

आप्पांनी तिला काम करू दिलं याचंच गावाला नवल होतं. त्यांची अट एकच. "तोंडाला रंग फास, नाकात नथ घाल, काय पायजे ते कर. पण गळ्यातलं लिंग एक घटका सुदिक काढायचं न्हाय." शिवम्मानं ते कधी काढलं नाही. पांढऱ्या कापडात बांधलेलं लिंग पांढऱ्या दोऱ्यानं गळ्यात, आणि ते पोलक्याच्या आत खोल दडवलेलं. पुणेरी काकूच्या गळ्यात लिंग दिसलं तर पिक्चरचं वाटोळं होईल म्हणून मेकअपवाला रोज कटकट करायचा, ही रोज ऐकून घ्यायची आणि रोज तसंच करायची.

मग तो भाडेकरूंचा पिक्चर आला. त्यात शिवम्मा घरमालकीण काकू होती, हाताची इतकी घट्ट की शेजारणीनं कुंकू मागितलं तरी बोट पुसून परत घेईल. भाडेकरू खोलीत चोरून कोंबडी शिजवतात का ते बघायला ही काकू झरोक्याला शिडी लावून चढते, शिडी घसरते, आणि काकू अंगणात पिंजाऱ्यानं पिंजून ठेवलेल्या कापसाच्या ढिगात. फिल्म त्या काळी जपून वापरायची, त्यामुळे पडायचं ते एकदाच. शिवम्मा पडली, आणि पडता पडता दोरा पोलक्यातून बाहेर आला. लिंग कापसात गेलं. लिंग खाली पडू द्यायचं नसतं हे तिला पाळण्यापासून माहीत होतं. काकू वगैरे सगळी विसरली ती. तिनं मूठ घातली, लिंग उचललं, दोन्ही डोळ्यांना लावलं आणि पुन्हा पोलक्यात ठेवलं. मग तिच्या ध्यानात आलं की कॅमेरा अजून फिरतोय. सेटवर हसण्याचा असा धुरळा उडाला की दिग्दर्शकाचं ओरडणंही ऐकू आलं नाही. कशाला हसताय असं विचारायला तिला तोंड नव्हतं.

पुढचं सगळं झटपट झालं. पिक्चर लागला आणि आप्पांचे चुलतभाऊ रुद्रेशकाका तो बघून तडक दुकानात आले. भर गिऱ्हाइकात म्हणाले, "गुरुसिद्धा, तुझ्या पोरीनं लिंग डोळ्याला लावलं आणि सगळं थेटर हसलं. मी माझ्या कानानं ऐकलंय." आप्पांनी पिक्चर बघितला नाही. लिंगाला हसणाऱ्या माणसांत बसायला ते कसे जाणार? ते शिवम्माशी बोलायचे बंद झाले, ते तिला चंदगडला एका काजूच्या व्यापाऱ्याकडे देऊन टाकली त्या दिवशीसुद्धा बोलले नाहीत. चंदगडला पाऊस होता, भात होतं, दारात एसटी होती, थिएटर नव्हतं. नवरा माणूस चांगला होता. पण काकू संपली ती संपलीच.

म्हणजे तिनं पाप केलं होतं का? हा प्रश्न उशाला घेऊन शिवम्मानं एवढी वर्षं काढली होती. कधी वाटायचं, केलं. कधी वाटायचं, मी तर ते सांभाळलं, मग पाप कसलं? पण लोक हसले होते, हे तर खरं होतं ना.

दुपारी सुनेचा डोळा लागला, शिवांजली कॉलेजला गेली, आणि शिवम्मानं चपला घातल्या. जिना उतरायला तिला बराच वेळ लागला. खाली रिक्षा होती.

"कळंब्याला चल."

"जेलात व्हय आज्जी?" रिक्षावाल्यानं विचारलं. कळंबा म्हटलं की गावात सगळ्यांना आधी तिथलं जेलच आठवायचं.

"तुला सोडूनच येते. चल गप."

चित्रपट मंडळाचे विजयसिंह कळंब्याला राहायचे. बँकेतून निवृत्त झालेला गृहस्थ, पण जुन्या पिक्चरांचं वेड असं की घरात माणसांपेक्षा डबेच जास्त. शिवम्माला दारात बघून ते उडालेच. खुर्ची दिली, पाणी दिलं. ती पाणी न पिताच म्हणाली, "त्यात मी शिडीवरनं पडते. तेवढं काढून टाका."

"काय?" विजयसिंह बघतच राहिले. "अहो अज्जी, पिक्चरचा जीव हाय तो! ते काढलं तर राहिलं काय?"

"मला न्हाय पायजे. पोरं-नातवंडं येणार हायत. म्हातारपणी पडलेली बघायची व्हय मी?"

"पडलाय तवा कुठं म्हातारं होतासा?"

ती पदराचं टोक पिळत बसली. खरं सांगायचं धाडस होईना आणि न सांगता काम होईना. शेवटी नजर दुसरीकडे वळवून तिनं विचारलं, "पडल्यावर काय दिसतंय त्यात?"

"काय दिसतंय म्हंजे? मंडळात आम्ही बघितलं तवा माणसं खुर्चीवरनं खाली आली. पडल्यावर तर हसलीच, पण त्यानंतर तुम्ही जे करताय ना, त्याला सगळ्यात जास्त हसली."

शिवम्मानं तेवढाच शब्द धरला. त्यानंतर. म्हणजे रुद्रेशकाका खोटं बोलले नव्हते.

विजयसिंहांनी टेबलावरचा लॅपटॉप ओढला. "थांबा, दावतोच की. तुमचं तुम्ही बघा."

"नको!" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की आतून विजयसिंहांची बायको बाहेर आली. शिवम्मा उठून उभी राहिली होती. आता बघितलं तर संपलंच. न बघितलेल्या गोष्टीत थोडी तरी जागा असते, बघितलेल्या गोष्टीत नाही. "मी जाते," ती म्हणाली, आणि त्यांनी लाख बसा म्हटलं तरी थांबली नाही. रिक्षात बसल्यावर तिला स्वतःचाच राग आला. गेलीस कशाला, आणि गेलीस तर पळालीस कशाला?

घरी परत आल्यावर तिनं संगमेशला सांगून बघितलं. "माझं डोकं दुखायलंय. तुम्ही जावा."

संगमेशनं दुकानातून लवकर येऊन रेशमी शर्ट घातला होता. तो तिच्यासमोर खालीच बसला. "अव्वा, असं करू नको की. अध्यक्ष यायला लागलेत तुला बघायला. मी सगळ्यांना सांगून बसलोय, माझी आई नटी होती म्हणून. लहानपणापासनं सांगायचं होतं मला हे, तूच कधी बोलू दिलं न्हाईस." त्याचे डोळे भरले होते. साठी ओलांडलेल्या मुलाला असं बघून तिनं निमूटपणे साडी बदलली. त्याला आत्ता सगळं सांगून टाकावं असं तिला दोनदा वाटलं, आणि दोन्ही वेळा सून काहीतरी विचारायला आत आली.

हॉल भरला होता. पहिल्या रांगेत शिवम्मा, तिच्या एका बाजूला संगमेश, दुसऱ्या बाजूला शिवांजली, आणि मागच्या रांगेत अध्यक्ष नि मठातली मंडळी. त्यांच्या पांढऱ्या टोप्या आणि विभूतीचे पट्टे शिवम्माला मान न वळवताही पाठीवर टोचत होते. दिवे गेले. नावं आली. घोळक्यात कुठंतरी तिचंही नाव येऊन गेलं असेल, शिवांजलीनं टाळी वाजवली, पण शिवम्मानं ते वाचलं नाही. तिचा एक हात खुर्चीच्या दांड्यावर होता आणि दुसरा छातीशी.

काकू आली. दारात उभी राहून भाडेकरूच्या चपला मोजत होती, जास्त माणसं तर राहत नाहीत ना म्हणून. हॉल हसला. शिवम्मानं बघितलं, तर पडद्यावर एक दांडगी पोरगी पोटाशी उशी बांधून म्हातारीसारखी चालत होती, आणि चेहऱ्यावर माशीसुद्धा हलत नव्हती. ती कोण हे क्षणभर तिला कळलंच नाही. मग काकू पुन्हा आली, पुन्हा हॉल हसला. आणि मग अंगणात शिडी दिसली.

"मला बाहेर जायाचंय," शिवम्मा संगमेशला म्हणाली.

"आत्ता? अव्वा, आता तर तुझं काम यायलंय."

ती उठू लागली, पण गुडघ्यानं ऐन वेळी दगा दिला. काकू शिडी चढली. झरोक्यातून डोकावली. वास घेतला. शिडी सरकली आणि काकू धपकन कापसात. सगळीकडे कापूस उडाला. हॉल फुटला. शिवम्मानं डोळे मिटले, आणि लगेच उघडले. एवढी वर्षं मिटलेलेच होते की.

कापसातून काकूचं डोकं वर आलं. नाकावर कापूस, नथीत कापूस. तिनं इकडे तिकडे बघितलं, मग घाईघाईनं खाली मूठ घातली. मूठ वर आली ती कापसानं भरलेली. पांढरं कापड, पांढरा दोरा, सगळं त्या पांढऱ्या कापसात बुडून गेलेलं. काहीच दिसत नव्हतं. दिसत होती ती एवढीच गोष्ट, की आयुष्यात फुकट काही न सोडणाऱ्या त्या चिकट काकूला पडल्या जागी मूठभर फुकटचा कापूस गावला, तिनं तो भक्तिभावानं दोन्ही डोळ्यांना लावला, आणि कुणी बघत नाही ना म्हणून हळूच पोलक्यात घातला.

हॉलमध्ये कुणाला श्वास घेता येईना. मागच्या रांगेत अध्यक्ष खोकत होते, मठातले एक वडीलधारे पुढच्या खुर्चीवर हात आपटत होते. सगळी लिंग धारण करणारी माणसं. त्यांच्यातल्या एकालाही ते दिसलं नव्हतं. तिच्या गळ्यात काय असतं ते ठाऊक असलेल्या रुद्रेशकाकांनी तेवढं ते ओळखलं होतं, आणि लोक त्यालाच हसले असं धरून चालले होते. संगमेश तर डोळे पुसत होता.

"अव्वा! कापूस पोलक्यात घातलास की गं! हे कुणी शिकवलं तुला?"

शिवम्मा पडद्याकडेच बघत होती. "मुठीत लिंग होतं," ती म्हणाली.

"काय?"

"कापूस न्हवता रे. लिंग होतं. पडताना बाहेर आलतं, ते उचललं मी." आणि मग ती थांबलीच नाही. रुद्रेशकाका काय म्हणाले, आप्पा कसे बोलायचे बंद झाले, चंदगड, सगळं तिनं मुलाच्या कानाशी, हॉल हसत असताना, भराभरा सांगून टाकलं. संगमेशचं हसू विरलं. तो तिच्याकडे आणि पडद्याकडे आळीपाळीनं बघू लागला.

"पण त्यात तर कायबी दिसत न्हाय," तो म्हणाला.

"न्हाय."

"आप्पाज्जांनी..."

"बघितलंच न्हाय त्यांनी. कुणी काय सांगितलं ते ऐकलं. आणि मी त्यांचं ऐकलं."

तिला हलकं वाटायला हवं होतं. पाप नव्हतं, हसं झालं नव्हतं, एवढी वर्षं जे उरावर होतं ते एका मुठीत संपलं. पण हलकं काही वाटेना. उलट आतून संताप वर आला. आप्पांवर, काकांवर, त्या पावसावर, स्वतःवर. पडद्यावर ती पोरगी अंगावरचा कापूस झटकत होती, ढिम्म चेहऱ्यानं, आणि नुसत्या त्या झटकण्यावर लोक हसत होते. काही न करता हसत होते. शिवम्मानं तिला नीट, परक्या माणसाला बघावं तसं, बघितलं.

"संगमेश," ती म्हणाली, "मी चांगली होते की रे."

संगमेशनं तिचा हात धरला, तो तिनं सोडवून घेतला.

"लई चांगली होते," ती पुन्हा म्हणाली, या वेळी चिडून. "अजून किती कामं केली असती मी."

अंधारातून वाकून कुणीतरी आलं. विजयसिंह होते, हातात शाल आणि नारळ. "अज्जी, चला हळूहळू स्टेजमागं. संपत आलंय. दिवे लागले की लगेच सत्कार."

"व्हा बाजूला," शिवम्मा म्हणाली. ते पडद्याच्या आड येत होते. "शाल कुठं पळून जात न्हाय. अजून एकदा येणार हाय मी."